ज्युरर म्हणतो "मी निःपक्ष राहीन". त्यापुढे काय विचारायचं?

सहायक_वकील यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका राज्य न्यायालयात बचाव पक्षाच्या वरिष्ठ वकिलांना मी साहाय्य करते आहे. खटला दुकानातल्या सशस्त्र लुटीचा. आरोपी कृष्णवर्णीय आहे आणि त्याला ओळखणारी गल्ल्यावरची बाई गोरी. तिची साक्ष हाच सरकार पक्षाचा मुख्य आधार. आरोपीला सात वर्षांपूर्वी चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली आहे. ज्युरी निवडताना, म्हणजे व्हॉयर डीरच्या वेळी, आमच्या बाजूला पाऊण तास मिळेल आणि प्रश्न वकिलांनीच विचारायचे आहेत.

माझं कायद्याचं शिक्षण महाराष्ट्रात झालं. तिथे ज्युरी इतिहासापुरतीच शिकवतात. इथल्या जुन्या नोंदी वाचल्या की एकच साचा दिसतो. वकील विचारतो, "निःपक्ष राहू शकाल का?" ज्युरर "हो" म्हणतो आणि पुढच्याचा नंबर लागतो. यातून कळतं तरी काय? आणि न्यायाधीश "हे ऐकलेलं विचारात घेऊ नका" असं सांगतात, तेव्हा ज्युरी ते खरंच बाजूला ठेवते का? जाणकारांनी नेमकं सांगावं.

---

खटलेवाला

ताई, त्या प्रश्नातून काहीही कळत नाही. समोर उंचावर न्यायाधीश, आजूबाजूला तीस-चाळीस अनोळखी माणसं. तिथे उठून "मी पक्षपाती आहे" असं कोण म्हणेल? शिवाय आपला कल हा पूर्वग्रह आहे असं माणसाला वाटतच नाही. त्याला तो आयुष्याचा अनुभव वाटतो. म्हणून निःपक्षपणाबद्दल विचारूच नका. मत विचारा, अनुभव विचारा, आणि प्रश्न असा मांडा की दोन्ही उत्तरं देताना माणसाला संकोच वाटणार नाही.

तुमच्या खटल्यात उदाहरणार्थ: "काही लोकांचं म्हणणं असतं, डोक्यावर पिस्तूल रोखणाऱ्याचा चेहरा माणूस जन्मात विसरत नाही. काहींना वाटतं, घाबरलेल्या माणसाला चेहरा नीट दिसतच नाही. तुम्हाला यातलं काय जास्त पटतं?" उत्तर आलं की लगेच "का बरं?" आणि मग गप्प राहायचं. ज्युरर तुमच्या विरुद्ध बोलला तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला समजवायला जाऊ नका. "मोकळेपणाने सांगितलंत, आभारी आहे" म्हणा आणि बाकीच्यांकडे वळा: "आणखी कुणाला असंच वाटतं?" पहिल्या माणसाला तुम्ही कसं वागवलंत ते बाकीचे पाहत असतात. त्याला टोचून बोललात तर पुढचे सगळे हात खाली राहतील.

आता कळीचा भाग. एखाद्याने ठाम विरोधी मत सांगितलं, तर ते पक्कं करूनच पुढे जायचं. तीन गोष्टी विचारायच्या. हे मत बऱ्याच काळापासूनचं आहे का? खटला ऐकताना ते मनात राहील असं वाटतं का? न्यायाधीशांनी सांगितलं तरी ते बाजूला ठेवणं अवघड जाईल का? तिन्हीला होकार आला की ज्युररला कारणासह वगळण्याची मागणी करता येते. तिला संख्येची मर्यादा नाही. हे न करता मागणी केलीत, तर सरकारी वकील किंवा स्वतः न्यायाधीश विचारतील, "पण कायद्याप्रमाणे वागाल ना?" तो "हो" म्हणेल, तुमची मागणी फेटाळली जाईल आणि मग कारण न देता वगळण्याचा एक हक्क त्याच्यावर खर्च करावा लागेल. ते हक्क मोजकेच असतात. संघीय न्यायालयात गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात बचावाला १० आणि सरकारला ६, मृत्युदंडाची मागणी असेल तर दोघांना २०-२०. राज्याराज्यांत आकडे वेगळे आहेत आणि अ‍ॅरिझोनाने तर १ जानेवारी २०२२ पासून हा हक्कच काढून टाकला. तुमच्या राज्याचा नियम आधी पाहून घ्या.

पाऊण तासात दहा विषय घ्यायला गेलात तर एकही धड होणार नाही. तीनच घ्या: ओळख परेड आणि साक्षीदाराची खात्री, आरोपीने साक्ष दिली नाही तर काय वाटेल, आणि वंश. प्रत्येकाला दहा-बारा मिनिटं, उरलेला वेळ ज्यांनी काही विशेष सांगितलं त्यांच्यासाठी. कुणी स्वतः लुटीत सापडलेला असेल, किंवा त्याला याच प्रकरणाची बातमी माहीत असेल, तर सगळ्यांसमोर खोलात शिरू नका. न्यायाधीशांना विनंती करून त्याला बाजूला बोलावून विचारा. नाहीतर त्याची एक आठवण सगळ्या गटाच्या मनात जाऊन बसते.

विचारणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा हवा. ते काम तुमचं असणार. बसण्याचा क्रमांक, ज्युररचे जसेच्या तसे शब्द आणि एक ते पाच असा धोक्याचा अंक लिहा. आपल्याला ज्युरर निवडता येत नाहीत, फक्त वगळता येतात, हे पक्कं धरा. आपल्याकडे झुकलेल्यांना जास्त बोलतं केलंत, तर समोरच्याला कुणाला काढायचं ते आयतंच कळतं. आणि विरोधी मताचा शांत माणूस वेगळा, विरोधी मताचा पुढारी वेगळा. शाळेचा मुख्याध्यापक, कामगारांचा पर्यवेक्षक, सभा चालवण्याची सवय असलेला माणूस ज्युरीच्या खोलीत चार जणांना आपल्याबरोबर ओढून नेतो. हक्क आधी तिथे वापरा.

समाजमाध्यमांवरची उघडी पानं पाहायला अमेरिकन बार असोसिएशनच्या २०१४ च्या ४६६ क्रमांकाच्या मताप्रमाणे हरकत नाही. मैत्रीची विनंती पाठवणं किंवा कुठल्याही मार्गाने संपर्क करणं मात्र चालत नाही.

---

मनोभान

वरचं सगळं पटलं. संशोधनातून आलेल्या काही गोष्टी जोडतो.

वंशाचा विषय काढला तर ज्युरर बिथरतील, अशी भीती वकिलांना असते. सॉमर्स आणि एल्सवर्थ यांच्या प्रयोगांत उलटं दिसलं. खटल्यात वंशाचा मुद्दा उघडपणे पुढे आला की गोरे ज्युरर स्वतःवर लक्ष ठेवतात. मुद्दा दबलेला असला की कृष्णवर्णीय आरोपीबद्दल ते जास्त कठोर होतात. सॉमर्सच्या २००६ च्या अभ्यासात मिश्र ज्युरींनी जास्त वेळ चर्चा केली आणि पुराव्याबद्दलच्या चुका कमी केल्या. त्यातही गोऱ्या सदस्यांचीच कामगिरी सुधारली होती. तेव्हा विषय साध्या शब्दांत काढा. एका वंशाच्या माणसाला दुसऱ्या वंशाचे चेहरे ओळखताना जास्त चुका होतात हेही ठोस संशोधन आहे आणि तुमच्या खटल्याचा तोच गाभा आहे.

आता "ऐकलेलं विचारात घेऊ नका" याबद्दल. शिकागो विद्यापीठाच्या ज्युरी प्रकल्पातला ब्रोडरने १९५९ साली मांडलेला प्रयोग पाहा. अपघाताच्या नुकसानभरपाईचा बनावट खटला. प्रतिवादीचा विमा नाही असं कळलं तेव्हा सरासरी भरपाई ३३,००० डॉलर. विमा आहे असं कळलं आणि कुणी हरकत घेतली नाही, तेव्हा ३७,०००. विमा आहे असं कळलं, हरकत घेतली गेली आणि न्यायाधीशांनी ते विचारात घेऊ नका असं बजावलं, तेव्हा ४६,०००. बजावण्यानेच ती गोष्ट ठळक झाली.

पण "सूचनांचा कधीच उपयोग होत नाही" हेही खरं नाही. कॅसिन आणि सॉमर्स यांनी १९९७ साली दाखवलं की कारण कोणतं दिलं यावर बरंच अवलंबून असतं. पुरावा अविश्वसनीय आहे म्हणून वगळा असं सांगितलं तर ज्युरर बऱ्यापैकी वगळतात. मिळवताना कायदा मोडला म्हणून वगळा असं सांगितलं तर मनात म्हणतात, "पण गोष्ट खरी तर आहे ना!" आणि तीच धरून बसतात. म्हणून एखादी गोष्ट वगळायची मागणी करताना कायद्याच्या कारणाबरोबर ती विश्वासार्ह का नाही हेही मांडा, आणि न्यायाधीशांनी सूचनेत ते कारण सांगावं अशी विनंती करा. त्याहून चांगलं म्हणजे ती गोष्ट ज्युरीच्या कानावर पडूच नये, यासाठी खटला सुरू होण्याआधीच लेखी अर्ज करा. उलटतपासणीत एखादं वाक्य ओझरतं येऊन गेलं तर हरकत बाजूला जाऊन, हळू आवाजात नोंदवा. अपिलासाठी नोंद होते आणि ज्युरीचं लक्षही तिकडे वेधलं जात नाही.

ज्युरर पुराव्याच्या तुकड्यांची बेरीज करत नाहीत, ते गोष्ट जुळवतात. पेनिंग्टन आणि हेस्टी यांनी एकाच खटल्याचा तोच पुरावा दोन क्रमांनी मांडला: एकदा घटना घडली त्या क्रमाने, एकदा साक्षीदार येतील तसा. सरकारचा पुरावा घटनाक्रमाने आणि बचावाचा साक्षीदारांच्या क्रमाने, तेव्हा ७८ टक्क्यांनी दोषी म्हटलं. उलट केलं तेव्हा ३१ टक्क्यांनी. पुराव्यातला शब्दही बदललेला नव्हता. बचाव पक्ष हमखास चुकतो तो इथे. "सरकारची गोष्ट फाटकी आहे" एवढंच सांगून थांबतो. ज्युररला दुसरी गोष्ट मिळाली नाही तर तो फाटकी गोष्ट स्वतः शिवतो. तुमच्याकडे गोष्ट आहे: दुकानातला उजेड, किती सेकंद चेहरा दिसला, नजर हत्यारावर खिळलेली, मग पोलिसांनी फोटो कसे दाखवले, पहिल्या वेळी ती काय म्हणाली आणि न्यायालयात काय म्हणते. याच क्रमाने प्रारंभीच्या भाषणात सांगा. सिद्ध करू न शकणारं एकही वचन देऊ नका. ते अपुरं राहिलं तर सरकारी वकील समारोपात नेमकं तेच उचलतात.

साक्षीदाराच्या खात्रीला ज्युरर फार मोठं वजन देतात. डीएनए चाचणीमुळे अमेरिकेत जे निर्दोष ठरले, त्यांच्या खटल्यांत चुकीची ओळख हे सर्वांत जास्त वेळा आढळणारं कारण आहे, आणि त्यातले बरेच साक्षीदार न्यायालयात अगदी ठाम होते. खात्री मोजायची ती पहिल्या ओळखीच्या क्षणी. "बरोबर माणूस निवडलात" असं पोलिसांनी म्हटलं की त्यानंतरची खात्री फुगलेली असते. म्हणून फोटो दाखवतानाची चित्रफीत आणि त्या वेळचे तिचे शब्द मागून घ्या. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेंडरसन खटल्यात या गोष्टींवर ज्युरीला सविस्तर सूचना देण्याचा मार्ग घालून दिला. तुमच्या राज्यात तशी सूचना आहे का ते बघा, नसेल तर तज्ज्ञ साक्षीदार मागा.

---

सहायक_वकील

दोघांचे मनापासून आभार. जुन्या शिक्षेचं काय करावं? आमचे वरिष्ठ म्हणतात, आरोपीला साक्षीला उभं केलं तर ती आपणच सरतपासणीत (आपल्याच वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना) सांगून टाकू, म्हणजे डंख कमी होईल.

---

खटलेवाला

डंख कमी होतो, पण त्याची किंमत माहीत असू द्या. २००० सालच्या ओलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आरोपीने स्वतःच सरतपासणीत शिक्षा सांगितली, तर ती दाखल करू देण्याच्या निर्णयाविरुद्ध त्याला नंतर दाद मागता येत नाही. त्याआधी १९८४ च्या लूस खटल्यात ठरलं होतं की आरोपीने साक्षच दिली नाही तरी तो मुद्दा अपिलात टिकत नाही. म्हणजे हक्क राखायचा तर साक्षही द्यावी लागते आणि शिक्षा समोरच्याला काढू द्यावी लागते. हे संघीय न्यायालयाचे नियम. काही राज्यांनी ओलर स्वीकारलेला नाही, त्यामुळे तुमच्या राज्यातले निकाल काढून वरिष्ठांसमोर ठेवा.

आधी अर्ज तर करा. संघीय पुरावा नियमांतला ६०९ क्रमांकाचा नियम (बऱ्याच राज्यांत तसाच आहे) सांगतो की आरोपीच साक्षीदार असेल, तर जुन्या शिक्षेचं पुराव्यातलं मोल तिच्यामुळे होणाऱ्या पूर्वग्रहापेक्षा जास्त असायला हवं. आधीचा गुन्हा आताच्या गुन्ह्यासारखा असेल तितका धोका मोठा, कारण ज्युरर विश्वासार्हतेऐवजी "हा असलाच माणूस" म्हणून ती वापरतो. लुटीच्या खटल्यात चोरीची शिक्षा म्हणजे नेमकी हीच अडचण. अर्ज फेटाळला गेला तर निदान गुन्ह्याचं नाव न घेता "एका गंभीर गुन्ह्यात शिक्षा" एवढंच सांगायची मुभा मागा. चोरी ज्युरीला अप्रामाणिकपणाचं लक्षण वाटू शकते, म्हणून हेही शब्दांत नीट बसवून घ्या.

---

फोर्टमधला_वकील

मुंबईतून लिहितो आहे. आपल्याकडे ज्युरी केवळ इतिहासापुरती हे खरं, पण तो इतिहास याच विषयाचा आहे. १८९७ च्या टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्युररांपैकी सहा युरोपीयांनी दोषी म्हटलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. १९०८ साली सात युरोपीय आणि दोन पारशी, आणि निकाल सात विरुद्ध दोन. टिळक स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले. ज्युरी कोणातून घ्यायची हे ठरलं तिथेच बरंचसं ठरून गेलं होतं. व्हॉयर डीरला इतका वेळ का द्यायचा याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

नानावटी खटल्याबद्दल मात्र एक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे की त्याच्यामुळेच ज्युरी गेली. नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या तो दिवस २७ एप्रिल १९५९. विधी आयोगाने ज्युरी बंद करण्याची शिफारस १९५८ च्या चौदाव्या अहवालातच केली होती. सगळीकडून ती गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. त्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांनी जुन्या संहितेच्या ३०७ कलमाखाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे मार्च १९६० मध्ये शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली. वृत्तपत्रांनी आरोपीची बाजू घेऊन वातावरण तापवलं होतं हे सगळे सांगतात. पण निकालपत्र वाचलं तर भर दिसतो तो न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातल्या चुकांवर. अपघाताने गोळी सुटली हा बचाव असेल तर तो शाबीत करण्याची जबाबदारी कुणावर, हे ज्युरीला नीट सांगितलंच गेलं नव्हतं. ताई, ज्युरीला द्यायच्या सूचनांचा मसुदा खटला संपत आल्यावर घाईघाईने लिहू नका, सगळ्यात आधी लिहा.

आणखी एक. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६ खाली मुंबईत आजही न्यायाधीशांबरोबर पाच पारशी प्रतिनिधी बसतात. म्हणजे सामान्य माणसांसमोर बाजू मांडणं आपल्याकडून पूर्ण गेलेलं नाही.

आणि न्यायाधीश एकटे असले की हे प्रश्न सुटतात असं भारतातल्या वकिलांनी समजू नये. गथ्री, राकलिन्स्की आणि विस्ट्रिच यांनी न्यायाधीशांवरच प्रयोग केले आणि वगळलेला पुरावा व ऐकलेला आकडा यांचा परिणाम त्यांच्यावरही होतो असं आढळलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब ग्राह्य नाही हे आपल्या साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहेच, पण वस्तू सापडल्याच्या पंचनाम्यात अख्खा कबुलीजबाब लिहून आणतात आणि तो न्यायाधीशांच्या नजरेखालून जातोच. ग्राह्य तेवढंच वाक्य ठेवून बाकीचं वाचलं जाण्याआधी हरकत नोंदवायची सवय लावून घ्यावी.

---

दिवाणीवाली

दिवाणी खटल्यांबद्दल एकच. मागणीचा आकडा हा खुंटा असतो. चॅपमन आणि बोर्नस्टाइन यांच्या १९९६ च्या अभ्यासात मागणी जितकी मोठी तितकी भरपाई वाढत गेली, मागणी १ अब्ज डॉलर असली तरी. प्रतिवादीच्या वकिलांना वाटतं की आकडा सांगणं म्हणजे चूक कबूल करणं, म्हणून ते गप्प राहतात आणि ज्युरीपुढे एकच आकडा उरतो. "जबाबदारी आमची नाही, तरीही हिशोब करायचाच तर औषधोपचार इतका, बुडालेला पगार इतका" असं दोन पायऱ्यांनी सांगता येतं. काही राज्यांत वकिलाने आकडा सांगण्यावरच बंधनं आहेत, ते आधी तपासावं.

---

सहायक_वकील

शेवटचं विचारते. सरकारी वकिलांनी कृष्णवर्णीय ज्युररांना एकामागून एक वगळलं तर नेमकं काय करायचं? आणि निकालानंतर ज्युरीच्या खोलीत वांशिक बोलणं झाल्याचं कळलं तर?

---

खटलेवाला

पहिल्यासाठी १९८६ चा बॅटसन निकाल: वंशावरून ज्युररला वगळता येत नाही. तीन टप्पे: तुम्ही संशयाला जागा आहे एवढं दाखवायचं, सरकारने वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं, आणि ते कारण खरं की बहाणा हे न्यायाधीशांनी ठरवायचं. हरकत ज्युरीला शपथ देण्याआधी घ्या. एका ज्युररसाठीही घेता येते, तीन-चार जाईपर्यंत थांबू नका. खरी लढत तिसऱ्या टप्प्यावर होते आणि तिथे तुमच्या वहीतल्या नोंदी कामाला येतात. "तिचा भाऊ तुरुंगात होता म्हणून काढलं" असं कारण आलं, तर ज्याचा भाऊ तुरुंगात होता असा गोरा ज्युरर बसवला गेला आहे का ते क्रमांकासह दाखवा. कुणाला किती प्रश्न विचारले तेही मोजा. २०१९ च्या फ्लॉवर्स खटल्यात हेच निर्णायक ठरलेल्या गोष्टींपैकी एक होतं: वगळलेल्या पाच कृष्णवर्णीय ज्युररांना मिळून १४५ प्रश्न, आणि बसवलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. हा नियम बचाव पक्षालाही लागू आहे, १९९२ च्या मॅकॉलम निकालापासून. त्यामुळे तुमची स्वतःची कारणंही ज्युररच्या शब्दांतच लिहून ठेवा. वॉशिंग्टन राज्याने २०१८ च्या ३७ क्रमांकाच्या नियमाने हेतू सिद्ध करण्याची अटच काढली. तुमच्याकडे तसं काही असेल तर त्यावरच बोट ठेवा.

दुसऱ्याचं असं की ज्युरीच्या खोलीतली चर्चा एरवी बंद असते. सदस्य दारू पिऊन बसले होते हेही १९८७ च्या टॅनर खटल्यात ऐकून घेतलं गेलं नाही. अपवाद २०१७ च्या पेन्या-रॉड्रिगेझ निकालाचा. एखाद्या ज्युररने वंशावरून आरोपीला दोषी ठरवल्याचं स्पष्ट बोलून दाखवलं असेल, तर न्यायाधीश ती साक्ष घेऊ शकतात. ओझरता शेरा पुरत नाही. मतामागे तोच मोठा हेतू होता असं दिसायला हवं. मात्र ज्युररांशी परस्पर बोलायला जाऊ नका. स्थानिक नियमांत परवानगी लागते का, किती दिवसांत, आणि फेरखटल्याच्या अर्जाची मुदत काय, हे निकालाच्या दिवसाआधी लिहून ठेवा. संघीय न्यायालयात ती मुदत साधारणपणे निकालापासून १४ दिवसांची आहे. आणि निकाल वाचला जाताच प्रत्येक ज्युररला स्वतंत्रपणे "हाच तुमचा निकाल का?" असं विचारण्याची मागणी करा. ज्युरीला सोडून दिलं की ती संधी जाते.